फाळक्यावरची सूचना

राग माझ्या नाकावर असतो, हे पेडण्यात आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. सुर्ल्याजवळच्या त्या खाणीच्या गावात ते कळायला आठ दिवस पुरले. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझी बदली झाली. चार इयत्ता, दोन खोल्या आणि शिक्षक दोनच. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पालकांना सूचना द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे," हेडमास्तर म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. कितीही सूचना द्या, कुणी येत नाही, याचा त्यांना कंटाळा आला होता.

सूचना तरी कसल्या? अमुक दिवशी लस टोचायला नर्स येणार आहे, मुलांना उपाशी पाठवू नका. एकोणीस डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची प्रभातफेरी आहे, पांढरे कपडे हवेत. संमेलन आहे, पालकसभा आहे, या. मी व्हरांड्यातल्या फळ्यावर सुवाच्य लिहायची, शिवाय मुलांच्या वहीत लिहून द्यायची. घरी त्यातलं काहीच पोचत नसे. निम्म्याहून जास्त मुलं ट्रक ड्रायव्हरांची. कोल्हापूर-बेळगावकडून आलेली ही माणसं खाणीवरचं खनिज नदीच्या धक्क्यापर्यंत नेऊन टाकायची, तिथून ते बार्जमध्ये चढून मुरगावच्या बंदरात जायचं. पोर उठायच्या आधी बाप घराबाहेर पडायचा आणि पोर निजल्यावर परतायचा. आया बहुतेक न शिकलेल्या. वही वाचणार कोण?

पहिली पालकसभा मी ठेवली शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि त्या दिवशी गावातल्या बायका सकाळच्या बसने म्हापसा गाठतात. मी पेडण्याची, आईचं बोट धरून दर शुक्रवारी म्हापशाला जात वाढलेली, आणि तरी मी शुक्रवार धरला, म्हणजे माझीच कमाल. सभेला तीन माणसं आली. त्यातले एक आजोबा लस टोचायची समजून सदऱ्याची बाही वर करून बसले होते.

मग पदेराला धरलं. पाव घेऊन तो सायकलने घरोघर जायचाच, तर जाता जाता सूचनाही सांगेल, असा माझा हिशोब. तो अर्ध्या घरांत सांगायला विसरायचा आणि उरलेल्या अर्ध्यांत लस आणि संमेलन यांची सरमिसळ करायचा. एका बाईने मला रस्त्यात अडवून विचारलं, "बाये, नाटकांत भुरग्यांक सुई कित्याक तोपतात गे?" नाटकात मुलांना सुई का टोचता, असं ती विचारत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यातच कोंकणी राजभाषा झाल्यापासून मराठी शाळा बंद पडणार अशी आवई उठली होती. मी गावातल्या बायकांशी कोंकणीत बोलायची, ड्रायव्हरांशी मराठीत आणि घरी आमच्या पेडण्याच्या बोलीत, आणि तिन्हींत सारखीच भांडायची. शाळा बंदबिंद काही होत नाही, पोरं पाठवा आणि बोलावलं की या, हे मी ज्याला त्याला ठणकावून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि यायचे नाहीत.

शाळेच्या दारातूनच खाणीचा रस्ता जायचा. पुढे ट्रकचा वजनकाटा होता आणि त्याच्यासाठी लागलेली रांग आमच्या फाटकापर्यंत यायची. ड्रायव्हर तास तास बसून असायचे. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं, एक ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून पुढच्या ट्रकच्या पाठीमागच्या फाळक्यावर रंगवलेलं मोठ्याने वाचत होता. वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या गाडीच्या पाठीशिवाय त्याला बघायला दुसरं होतंच काय? मला माझाच राग आला. व्हरांड्यातल्या फळ्यासमोर कुत्रंही उभं राहत नव्हतं, आणि इथे माणसं फळ्यासमोर तासभर बसून होती.

मी खडू घेऊन बाहेर गेले आणि समोरच्या ट्रकच्या फाळक्यावर, लाल धूळ पदराने पुसून, पालकसभेची सूचना लिहायला घेतली. ड्रायव्हर खाली उतरून धावत आला.

"बाई, गाडी मालकाची हाय."

"गाडी मालकाची, पण पोरं तुमची आहेत ना? मग थांबा जरा, वेलांटी राहिलीय."

तो थांबला. त्या सभेला व्हरांडा पुरला नाही. लाल धुळीने माखलेले बाप हात मागे बांधून उभे होते आणि आपापल्या पोराचं बाक कुठलं ते विचारत होते. काट्यावरचा माणूस गाड्या हलेनात म्हणून बोंबलत आला, त्यालाही मी बसवून घेतलं, त्याचा मुलगा दुसरीत होता. हेडमास्तर मात्र धास्तावले. "कार्यालयातून कुणी विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, "सांगा, आमच्या शाळेचा फळा फिरता आहे."

पुढे फाळक्यावर लिहायचं काम मी चौथीतल्या एका मुलीला दिलं. बेळगावकडची, बोलायला कमी, पण अक्षर असं टपोरं की मलाच हेवा वाटावा. माझं स्टूल उचलून ती फाटकाबाहेर न्यायची, त्यावर चढून लिहायची. कुठल्या गाडीवर लिहायचं ते तीच ठरवायची. "बाई, ही घेऊ?" विचारायची, आणि मी वर्गातूनच मान हलवायची. एका गाडीवर लिहिलं तरी ती दिवसभर खेपा मारायची आणि तिच्या मागे येणारा प्रत्येक जण वाचायचा. लस, प्रभातफेरी, संमेलन, सगळं त्या वर्षी दणक्यात पार पडलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते आणि तसं बोलूनही दाखवायची.

एप्रिलमध्ये त्या मुलीची आई कडेवर तान्ह्या मुलाला घेऊन शाळेत आली.

"बाई, हिचा शाळा सोडल्याचा दाखला द्या. हिला आन् ह्या बारक्याला माझ्या माहेरी धाडणार हाय. मला म्हापशाला बांधकामावर काम मिळालंय."

"आणि पाचवी?"

"तिथं पाचवी न्हाय. बारक्याला सांभाळंल, माझ्या आईला हातभार लावंल. इथं राहिली तर डिचोलीला एकटीला बसनं कोण धाडणार?"

"तिच्या वडिलांना विचारलंत?"

"त्यांस्नी विचारायला ते घरात असत्यात कवा?"

मुलगी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला ते बघवेना, म्हणून मी तिच्या आईवर खेकसले. म्हटलं, वडील येऊन दोन्हीपैकी एका कागदावर सही करतील, दाखल्याच्या नाहीतर पाचवीच्या अर्जाच्या. वडिलांशिवाय दाखला मिळणार नाही. असा काही नियम नव्हता. तो मी तिथल्या तिथे केला. बाई बिचारी मान खाली घालून निघून गेली.

पाचवीचे अर्ज डिचोलीच्या हायस्कूलमध्ये शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचायला हवे होते. त्यानंतर प्रवेश बंद. मी सोमवारीच मुलीला दोन ओळी सांगितल्या: चौथीच्या पालकांनी पाचवीच्या अर्जावर सही करण्यासाठी शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेत यावे. तिने स्टूल उचललं, नेहमीसारखी एक गाडी निवडली आणि लिहून आली. मी निर्धास्त होते. सगळे येतात, तसा हाही येईल, आला की त्याला चांगला फैलावर घेईन, असं मनात ठरवूनही ठेवलं.

शनिवारी दहाला बाप येऊ लागले. या वेळी सगळे कसे अगदी मऊ झालेले. एक दांडगा कोल्हापूरकर सही करताना म्हणाला, "बाई, असं लिहिल्यावर न येऊन कसं चालंल?" मी घाईत होते, लक्ष दिलं नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एकच अर्ज कोरा राहिला, तिचा. ती खिडकीशी बसून पाटीवर रेघोट्या ओढत होती आणि प्रत्येक पावलाच्या आवाजाला वर बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्या कोल्हापूरकरालाच विचारलं, हिचे वडील का आले नाहीत? सूचना वाचत नाहीत का?

तो हसला. "वाचणार कशी, बाई? सूचना त्येच्याच गाडीच्या मागं हाय. आम्हाला वाटलं त्यानंच लिहून घेतली."

मी खुर्चीवरून उठले ती तशीच. वर्षभर मी या फिरत्या फळ्याच्या फुशारक्या मारत होते, आणि आपल्या गाडीची पाठ आपल्याला दिसत नाही ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. अर्ज घेतला, शाईची डबी घेतली, छत्री घेतली आणि भर उन्हात रांगेच्या कडेने चालू लागले. गाड्या सगळ्या एकाच रंगाच्या, धुळीने लाल. मी एकेक फाळका बघत पुढे सरकत होते. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून विचारत होते, बाई, आज काय हाय?

काट्यापासून चौथ्या गाडीवर ते टपोरं अक्षर दिसलं, लांबूनच. सोमवारची सूचना शनिवारी इतकी स्पष्ट कशी, हे मला कळेना. खडू त्या धुळीत दोन दिवस टिकत नाही. जवळ गेले तर खडू नव्हताच. प्रत्येक अक्षर चुन्याने गिरवलेलं होतं, तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने, बोटाने. काना, मात्रा, वेलांटी, एकही सुटलेली नव्हती. एके ठिकाणी खडू घसरून भलतीच रेघ उमटली होती, तीही गिरवणाऱ्याने अक्षराचाच भाग समजून गिरवली होती.

आणि खाली तिसरी ओळ होती, मी न सांगितलेली.

तो खाली उतरून आला. किडकिडीत, भुवयांपर्यंत लाल झालेला माणूस. मला पाहून त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. मी ठरवलेलं सगळं विसरून विचारलं, "हे गिरवलंय कुणी?"

"म्या," तो म्हणाला. "पोरीचं अक्षर हाय. चहाच्या टपरीवरनं बघतो की मी, स्टुलावर चढून नेहमी माझ्याच गाडीवर लिवती ते. धुरळ्यानं जात हुतं, म्हणून रोज सकाळी गिरवलं."

"काय लिहिलंय ते ठाऊक आहे?"

त्याने मान खाली घातली. "चांगलंच लिवलं आसंल."

रांग पुढे सरकली होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि सूचना वाचून दाखवली, बोट ठेवून, पहिलीच्या मुलांना दाखवतात तशी. पहिली ओळ, दुसरी ओळ. मग तिसरी: आप्पा, नक्की या.

रुमालाने त्याने तोंड पुसलं, तर धूळ आणखीच पसरली.

"म्हंजे हे मलाच लिवलंय व्हय," तो म्हणाला. "आन् मी आठवडाभर मागं घेऊन हिंडतोय."

मग मी त्याला सगळं सांगितलं. दाखला, आजोळ, धाकटा मुलगा, डिचोलीची बस, आजची मुदत. आवाज चढवायची गरजच पडली नाही. तो ऐकत होता आणि हॉर्न वाजत होते. शेवटी म्हणाला, "बारक्याला बघायला माझी आई येईल इकडं, हिला बसलाबी तीच सोडंल. हिच्या आईशी मी बोलतो. कुठं अंगठा लावू?" फाळक्यावरच अर्ज धरून त्याने अंगठा लावला. शाईत थोडा चुनाही उमटला. मी दोनच्या बसने अर्ज डिचोलीला नेऊन दिला, आणि तिथल्या कारकुनाने डाग कसला विचारलं तेव्हा त्याच्यावर डोळे वटारले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला जवळ बोलावलं. "वडिलांना वाचता येत नाही हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्यांच्याच गाडीवर का लिहायचीस?"

"मी लिहिलेलं ते घेऊन जायचे म्हणून."

"आणि या वेळी? घरी तोंडाने का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं तर आईचं ऐक म्हणाले असते. आणि शाळेत यायला ते लाजतात. पण ते आले नाहीत की तुम्ही चिडाल, आणि चिडलात की तुम्ही स्वतःच जाता. जाऊन वाचून दाखवाल, हे मला ठाऊक होतं."

दहा वर्षांच्या त्या पोरीला मी विचारलं,

"आणि मी गेलेच नसते तर?"

"तुम्ही जाणारच होता, बाई," ती म्हणाली.