धाकू परब आणि मुलुंडकडचा लोखंडी पूल

धाकू परब सावंतवाडीहून आले ते गिरणीत लागायला. पण गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते रेल्वेत खलाशी, म्हणजे देखभालीचे कामगार झाले. मुलुंडकडचा जुना लोखंडी पूल त्यांच्या वाट्याला आला. खाली रूळ, वर रस्ता. आजूबाजूला भातखाचरं होती तेव्हाचं, १९२४ सालचं बांधकाम. हातोडीने पुलाचा एकेक रिव्हेट ठोकून बघायचा, आवाज बद्द आला की तो सैल समजून खडूने खूण करायची. असं अडतीस वर्षं केलं.

ते निवृत्त झाले आणि चार वर्षांनी पूल धोकादायक ठरवून बंद केला. पाडकाम सुरू झालं. धाकूंना तिकडे बघवेना.

एका सकाळी त्यांची बायको नलिनी ओट्याशीच कोसळली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. हॉस्पिटल पुलापलीकडे, पूर्वी दहा मिनिटांवर. आता मोठा वळसा. शेजारच्या प्रीतमने रिक्षा आणली, पण अर्ध्या वाटेत ती ट्रॅफिकमध्ये जी अडकली ती पुढे सरकेचना.

“मागे वळव,” धाकू रिक्षावाल्याला म्हणाले. “पुलावरून उचलून नेऊ.”

“काका, पूल तोडतायत!” प्रीतम म्हणाला.

“कडेचा गर्डर मजबूत आहे. माझा हात फिरलाय त्याच्यावर.”

पुलाच्या तोंडाशी वॉचमनने अडवलं. “आजोबा, पुढे रस्ता नाही.”

“अडवायला असंच सांगतात,” म्हणत धाकूंनी त्याला बाजूला सारलं. त्याच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी आणि प्रीतमने नलिनीला उचललं. पत्र्यांच्या आडोशापलीकडे गेले आणि थांबले. रुळांवरचा अख्खा भाग रविवारीच काढून नेला होता. समोर तीस-चाळीस फूट नुसती हवा. पलीकडे हॉस्पिटलची पाटी वाचता येत होती.

“फळी टाका रे! काहीतरी टाका!” धाकू ओरडत राहिले. पलीकडच्या कामगारांनी हात जोडले.

परत फिरून, पुन्हा रिक्षा करून पोहोचेपर्यंत अडीच तास झाले. डॉक्टर म्हणाले, “तासभर आधी आणलं असतं तर इंजेक्शनचा जास्त उपयोग झाला असता.”

नलिनी वाचली. वाचा मात्र गेली.

“रिक्षेतच बसून राहिलो असतो तर?” धाकूंनी प्रीतमला एकदाच विचारलं. अर्ध्या तासात ट्रॅफिक सुटलं होतं, हे दोघांनाही कळलं होतं.

आता रोज सकाळी धाकू तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करतात. ती त्यांच्याकडे टक लावून बघते. तिला ते सगळं आठवतं की नाही, त्यांना कळत नाही.

“चुकलंय गो मी,” ते म्हणतात आणि पुढचं बोट धरतात.