मावशीने भाजलेले माझे गवत

शाळेतून निवृत्त झाल्यावर जव्हारच्या घरापुढे मी गवत लावले. गुलाब नाही, शेवंती नाही. दाभोशाच्या उतारावरून आणलेले, दिवाळीच्या सुमारास तांबूस तुरे येणारे रानगवत. रोजाने निंदायला येणाऱ्या मावशीला मी त्याचे नाव विचारले. तिने वाकून नीट पाहिले आणि सांगितले, "गवत."

तिचा जन्म लोकांच्या नागलीतले, म्हणजे नाचणीतले, गवत उपटण्यात गेला; स्वतःची हातभरही जमीन नाही. आता तिला गवताला पाणी घालायचे होते. तोंडाला पदर लावून ती हसायची. "बाई, पाड्यावर सांगितलं तं कोनी खरं मानत नाय." तरी तिने एकही शेळी आत येऊ दिली नाही. मला वाटले, माझ्या शिकवण्याला यश आले. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

चैत्रात मी आठ दिवस लेकीकडे ठाण्याला गेले. परत येऊन पाहते तर गवत गायब, त्या जागी काळाभोर चौकोन. मावशीने गवत कापून पसरले, वर रानातला पाला, शेण आणि माती टाकून पेटवून दिले होते. नागलीच्या रोपासाठी इकडे असाच राब भाजतात. माझा पारा चढला. नको ते बोलले.

मावशी गोंधळली. "मंग येवढं जपलं कशाला? मला वाटलं, राबासाठीच. पाला मीच वाहून आनला, त्याचा रोज नाय धरला." मग हळूच म्हणाली, "जल्मभर दुसऱ्याचेच राब भाजले. म्हनलं, हा आपला."

विळा उचलून ती गेली. चार दिवस फिरकली नाही. मला घास गोड लागेना. आयुष्यभर मुलांकडून माफी वदवून घेतली, स्वतः मागायची तर जीभ रेटेना. शेवटी खोडाळ्याच्या बाजारातून नागलीचे बी आणले आणि पाड्यावर जाऊन तिच्या पदरात घातले. "राब वाया जाईल," एवढेच म्हणाले.

पावसात रोप वर आले, अंगणात नागली लागली. श्रावणात मावशी निंदायला बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा सगळे तण उपटून झाले होते. फक्त मधोमध माझ्या गवताचा जुना बुडखा फुटून हिरवा झाला होता, आणि त्याच्याभोवती तिने हाताने आळे केले होते.

"मावशी, हे गवत राहिलं की," मी मुद्दाम म्हणाले.

तिने वर पाहिलेसुद्धा नाही. "ते गवत नाय बाई. ते तुमचं हाय."