राजकन्येच्या आधी तिच्या मुलाला

आमच्या वॉर्डात राजकन्या दाखल झालीय असं मी नागपूरच्या भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, झोप पुरी होते ना तुझी?" पण खरंच होती. युरोपातल्या एका लहानशा देशाचं राज्य तिच्या आजोबांकडे होतं. राज्य गेलं, पदवी तेवढी राहिली, आणि तीही फक्त पाकिटांवर यायची. बाई ब्याऐंशी वर्षांची, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला ढगळ स्वेटर. पहिल्या दिवशी तिनं मला दोन तक्रारी सांगितल्या. पोटात दुखतंय, आणि घरच्या कोंबड्यांना शेजारीण फाजील दाणे घालते.

मी आयर्लंडमध्ये नावन गावात राहते आणि तिथून गाडी हाकत ज्या सरकारी हॉस्पिटलात जाते त्याचं नाव राहू द्या. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. इथं सगळे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, मग राजकन्या असली म्हणून काय झालं? चहावाली बाई विचारायची, कशी आहेस गं, आणि ही म्हणायची, "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत मजेत. माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं फोनमधून मानसुद्धा वर केली नाही. "लाइक, अ रिअल वन?" मुकुट नाही म्हटल्यावर विषय संपला.

मलाही राजेरजवाड्यांचं काडीचं कौतुक नाही. पण राउंड आटोपला की मी तिच्यापाशी पाच मिनिटं जास्तीची थांबायचे, कारण बाई बोलायची छान, कुणाची भीडभाड न ठेवता. चार वर्षांची असताना घरच्यांनी तिला सांगितलं, आपण समुद्रावर फिरायला चाललोय. तिनं वाळूत खेळायची बादली बरोबर घेतली. गाडी सरहद्दीपार गेली ती गेलीच. राज्य गेलंय हे तिला दोन वर्षांनी स्वयंपाकिणीकडून कळलं. पुढं लग्न ठरलं, तेही मावशीच्या पत्रातून. "आमच्या घरात माझी बातमी सगळ्यांना असायची," ती म्हणाली, "मला सोडून." ते लग्न मोडून ती घोड्यांच्या तबेल्यात नोकरीला म्हणून आयर्लंडला आली आणि इथल्या जनावरांच्या डॉक्टरशी तिनं लग्न केलं. माहेरचं एक माणूस आलं नाही. आता नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा शिकायला आजोळी गेला तो आजोळचाच झाला.

स्कॅनचा रिपोर्ट आला त्या दुपारी तोच मुलगा विमानानं येऊन पोचला होता. पन्नाशीचा, राखाडी कोट. मी आत शिरले तसा उठून उभा राहिला. इथं आल्यापासून चार वर्षांत माझ्यासाठी उभा राहिलेला हा पहिला नातेवाईक. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय! तशात आमचं शिक्षण नागपूरचं. तिथं रिपोर्ट वाईट आला की पहिला प्रश्न, "पेशंटसोबत कोण आहे?" जो असेल त्याला बाहेर बोलवायचं, दार लोटायचं आणि खरं काय ते त्याला सांगायचं. पेशंटला म्हणायचं, थोडी सूज आहे, गोळ्या देतो. इथं पेशंटला विचारल्याशिवाय पोटच्या मुलालाही सांगायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात पढवलेलं होतं. माहीत होतं हो. पण जित्याची खोड. ती आत झोपली होती आणि मी कॉरिडॉरमध्ये चहाच्या ट्रॉलीपाशी उभं राहून त्याला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय, फार तर तीन महिने. त्यानं वाकून माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगायला गेले, तर बाई केस विंचरून खुर्चीत बसलेली. "कालपासून पाच देशांतून फोन आलेत," ती म्हणाली. "जो तो रडतोय. का रडताय ते कुणी सांगत नाही. डॉक्टर, तुम्ही कुणाला सांगितलंत?"

खोटं बोलता आलं असतं, खपलंही असतं. मी म्हटलं, "तुमच्या मुलाला. चुकलं माझं."

"म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं हवामानाची बातमी ऐकावी तसं ऐकलं. म्हणाली, "तिकडं आमच्या घराण्याचं तळघर आहे, ओळीनं संगमरवरी पेट्या. मला तिथं जायचं नाही. त्या देशात मी चार वर्षं काढली, इथं साठ. मला नवऱ्याशेजारी पुरायचं. मुलगा काल रात्रीच परत गेलाय. हे त्याला मीच सांगणार, रविवारी तो पुन्हा येईल तेव्हा, समोरासमोर. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही. कुणापाशीही."

मी कानाला खडा लावला. मुलाचे दोनदा फोन आले, दोन्ही वेळा म्हटलं, आईलाच विचारा. स्वतःवर खूषही झाले, खोटं कशाला सांगू. शनिवारी सकाळी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आणि बाई वीस मिनिटांत गेली.

मुलगा संध्याकाळी आला. मी त्याला तिची इच्छा सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, उभं राहूनच. "तुम्ही मला ज्या दिवशी सांगितलंत त्याच दिवशी मी तिकडं कळवलं, डॉक्टर. सरकारची परवानगी आलीय. तळघर उघडलंय. माणसं निघालीत. तिला तसं हवं असतं तर ती मला बोलली नसती?"

"उद्या बोलणार होती!" मी ओरडलेच. वॉर्डातली सिस्टर बघायला आली. तो मात्र माझ्याकडे दयेनं बघत राहिला, मीच पेशंटची नातेवाईक असल्यासारखा. अशा वेळी मेलेल्या माणसाच्या इच्छेला इथं कायद्यात जोर नाही, शब्द मुलाचाच चालतो. सोमवारी तिला विमानानं नेलं.

मंगळवारी मला सुट्टी होती. मी तिच्या गावच्या दफनभूमीत गेले. का गेले ते विचारू नका. कुणी वारलं की कबर शेजाऱ्यांनी खणायची अशी त्या गावात पद्धत आहे, आणि त्यांनी ती शनिवारीच खणून ठेवली होती, नवऱ्याला खेटून. आता दोघं म्हातारे ती बुजवत होते. एकानं फावडं थांबवून विचारलं, घरच्या का तुम्ही? मी म्हटलं, नाही, तिची डॉक्टर. तिला इथंच यायचं होतं, मला बोलली होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला. "मग कुणाला तरी सांगायचं नाही का, बाई?"