पाच बाटल्यांची परीक्षा

साबणाच्या कारखान्यात त्याचं काम एकच, वास घेणं. नवा माल निघाला की वडी नाकाशी धरायची आणि सुगंध कमी पडलाय की जास्त, ते सांगायचं. कामगार त्याला नाकोजी म्हणत. यंत्राला न सापडलेली चूक सापडली, की स्वारीची मान दिवसभर ताठ.

घरी मात्र हा माणूस ताकही फुंकून पिणारा. बायकोला तिच्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीराने ते झिडकारू नये म्हणून रोज मूठभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार मारून टाकलेली. "साधी सर्दीसुद्धा घरात आणू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात आता कोविड.

त्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. मागच्या दाराने यायचं, कपडे बादलीत टाकायचे, आंघोळ करायची, मास्क लावायचा. ती खोलीत खिडकीशी जेवायची, तो उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून गप्पा मारायचा आणि मग स्वयंपाकघरात एकटा जेवायचा. पुढे लोकांनी मास्क टाकून दिले, शेजारी हसू लागले, पण हा बधला नाही. दीड वर्ष!

एका बाबतीत मात्र कुणाचं ऐकायचं नाही. मुलीने आणलेली तपासणीची किट तशीच पडून होती. "या रोगात आधी वास जातो. माझा गेला तर मला नाही कळणार?" म्हणून रोज सकाळी मुलीने पाच छोट्या बाटल्या एकेक करून त्याच्या नाकाशी धरायच्या आणि त्याने डोळे मिटून ओळखायच्या. लवंग, लिंबू, पुदिना, निलगिरी, गुलाब.

"सगळ्यांचाच वास जात नाही, बाबा."

"मला शिकवू नकोस."

बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याचा घसा खवखवत होता. साबणाची पूड गेली असेल, तो म्हणाला. मुलगी किट घेऊन आडवी आली. "पंधरा मिनिटं लागतात फक्त. माझ्यासाठी करा."

"अगं, येऊ दे त्यांना," आतून बायको म्हणाली. "एक दिवस तरी समोर बसून जेवू दे."

तो हसला. डोळे मिटून पाचही बाटल्या न अडखळता ओळखल्या, मास्क काढला आणि आत जाऊन तिच्यासमोर बसला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, दाढी पार पिकली की तुमची!" त्याने आपल्या ताटातला घास तिला भरवला.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. दोघांच्याही किटवर दोन रेघा उमटल्या. त्याचा आजार खोकला आणि दोन दिवसांच्या कणकणीवर निभावला. ती अकरा दिवस श्वासासाठी झगडली आणि गेली. दैवाने घात केला म्हणायचीही सोय नव्हती. पंधरा मिनिटांचं काम होतं, आणि ते त्याने केलं नव्हतं.

महिन्याने मुलीने आईचं कपाट उघडलं. तो मागे येऊन उभा राहिला. तिने काढलेला स्वेटर त्याने हातातून घेतला आणि तोंडाशी धरला. त्याला औषधं, केसांचं तेल आणि ती, सगळं वेगवेगळं ओळखू आलं.

"आईचा वास येतो अजून?" मुलीने हळूच विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा गेला नाही गं माझा वास."