अष्टमीला मी काय म्हणाले

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते.

मी दिल्लीत, द्वारकेतल्या एका शाळेत चौथीला शिकवते, आणि चांगलं शिकवते — यात विनय वगैरे काही नाही. मिरगीचा तास हा माझाच हट्ट. कुणाला फिट आली तर काय करायचं, ते माझी पोरं झोपेतून उठवलं तरी सांगतील. गरम, टोकदार वस्तू दूर सरकवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका, मोठ्यांना बोलवा. मग मी फळ्यावर लिहिते — भूत नहीं, देवी नहीं, बीमारी है. 'देवी'पाशी हात जरा अडतो. का अडतो, तेच सांगायला बसले आहे.

मुग्धा माझी धाकटी बहीण. तिला शाळेत असतानाच फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आईनं आम्हाला बाहेर अवाक्षर न काढण्याची तंबी दिली. पुढे माझं लग्न ठरत होतं — ठरलं नव्हतं, ठरत होतं — तेव्हाची अष्टमी. काकूकडे महालक्ष्मी होती, मुलाकडच्या बायकांना मुद्दाम बोलावलेलं. उकडीचा मुखवटा, उदाचा धूर, घागरी फुंकत घुमणाऱ्या बायका. आमच्यात त्या दिवशी कुणाच्या तरी अंगात येतं, आणि ते यावं असं सगळ्यांना वाटतही असतं. मुग्धाही घागर फुंकत होती. ती एकदम ताठ झाली आणि पडली.

मला लगेच कळलं. आई स्वयंपाकघरात होती. होणाऱ्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मग मी काय केलं? हात जोडले आणि म्हणाले, "देवी आली."

एवढंच. पण मग सगळ्यांनीच हात जोडले, कुणी हळदकुंकू आणायला धावलं. देवीला हात कोण लावणार? शेजारी निखाऱ्यांचं धुपाटणं होतं. मुग्धाचं मनगट त्यावर आपटत राहिलं. तुम्ही म्हणाल, भांबावली असशील. नाही हो — धुपाटणं मला दिसत होतं.

माझं लग्न थाटात झालं. देवीचं घर म्हणून सासरी कौतुकही झालं. आणि मुग्धा? तिच्या पाया पडायला बायका येऊ लागल्या, आईला ते आवडू लागलं, गोळ्या हळूहळू बंद पडल्या. देवीला औषध कसलं? फिट येतच राहिल्या. शेवटी नोएडात नोकरी लागल्यावर ती आपली आपणच डॉक्टरकडे गेली. आता ठणठणीत आहे. वर मलाच बीपीवरून चिडवते. 'देवी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा काकूनं काढला, असं ती धरून चालते. काकू आता नाही. किती सोयीचं, नाही का?

परवा मी तिला तासाला बोलावलं. पोरांना ती भलतीच आवडली. तिनं बाही सारून मनगटावरचा डाग दाखवला, अष्टमीची हकिगत हसत हसत सांगितली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅम, सबसे पहले देवी किसने बोला था?"

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं — अगदी सहज, ताईला आठवत असेल म्हणून.

"पता नहीं, बेटा," मी म्हणाले, आणि फळा पुसायला घेतला.

अष्टमीला निदान माझं लग्न पणाला लागलं होतं. परवा वर्गात माझं काहीच जाणार नव्हतं. तरी मी तेच केलं.