क्वामिनाचा डावा हात

सेकोंडी बंदराच्या बाजारात क्वामिना आर्हिनच्या डाव्या हाताबद्दल जितक्या अफवा होत्या, तितके मासे धक्क्यावर नसत. टपरीत दुरुस्तीला आलेलं यंत्र उघडून वीज चालू केली की त्याचा डावा हात खिशात. मासळीवाल्या म्हणत, तिथं दुसऱ्या बायकोची चिठ्ठी आहे. त्याला पहिलीही नव्हती, हे त्या सोयीनं विसरत.

सोमवारी अराबामावशी हातगाडीवरून आपल्या जुन्या बँडचा काचेच्या व्हॉल्व्हचा, आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर घेऊन आली. तीस वर्षं मुका. शनिवारी पणतीचं बारसं होतं आणि तिला ह्याच यंत्रावर गायचं होतं.

"नाही वाजला, तर पुतण्या भाड्याचे भोंगे आणेल. त्यांच्यापुढं माझा आवाज म्हणजे ढोलापुढं शिंक."

क्वामिनानं साठलेली वीज आधी उतरवली, मीटरवर शून्य पाहिलं, मगच ती साठवणारे फुगलेले कपॅसिटर बदलले. गुरुवारी चालू यंत्रात मापं घ्यायची होती. मावशी स्टुलावर बसली. त्यानं प्लग लावला आणि सवयीनं हात खिशात घातला.

मावशी ताडकन उठली. "माझ्यासमोर खिशात हात? तुझी आई असती तर तिनं कान उपटला असता."

"आत चारशे व्होल्ट आहेत, मावशी. दोन्ही हात घातले तर वीज काळजातून आरपार जाते."

"आणि मी? मी कुणाच्या काळजात नाही? हात काढ, नाहीतर गाडीवाल्याला बोलावते."

क्वामिनानं प्लग उपटला. "मग घेऊन जा. मेलेला कारागीर बारशाला शोभत नाही."

मावशीनं एकदा यंत्राकडे बघितलं. मग तिनं डोक्याचा रुमाल सोडला. "डावा हात पाठीमागे घे. आजोबांसमोर आम्ही मान म्हणून तसाच धरायचो." रुमालानं तिनं तो पट्ट्याला अडकवला. "हं. आता माणसांत आलास."

क्वामिना हसला. विजेच्या वाटेत शंभर वॉटचा दिवा जोडून त्यानं प्लग लावला. दिवा लख्ख पेटला, मग मंद झाला.

"गेला वाटतं."

"नाही, शहाणा आहे. लख्ख राहिला असता तर आत घोटाळा होता."

व्हॉल्व्ह केशरी उजळले, यंत्राचा जुना भोंगा हळूच खरखरला. मापं जुळली. मावशीनं माईक ओढून एक ओळ म्हटली, आणि मासळीवाल्या टोपल्या टाकून टपरीशी जमल्या. पाठीला बांधलेला हात बघून नवी अफवा तिथंच शिजली: मावशीनं ह्याला बांधून नेलं.

शनिवारी सगळा किनारा नाचला. पणती मात्र पहिल्या गाण्यालाच गाढ झोपली.

"बघ," मावशी पुतण्याला म्हणाली, "तुझ्या भोंग्यांवर झोपली असती का?"