आपांच्या फोल्डरची कडी

आपांच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. चौसाळ्याला बसमधून उतरून त्यांच्या गल्लीत शिरलं, की हाक मारायच्या आधीच आतून आवाज यायचा, "आत ये. अन् चपला आत घे, कुत्रं नेतंय." गल्लीतलं ते कुत्रं खरोखरच चपला न्यायचं. दार लावून घ्यावं हा साधा उपाय आपांना कधी सुचला नाही. त्यापेक्षा आल्यागेल्याच्या चपला सोफ्याखाली ठेवून घेणं त्यांना सोपं वाटायचं.

आपा म्हणजे दिंद्रुडच्या शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापिका. मी तिथे नवी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. वर्गात कडक, पण पालक आला की खुर्ची स्वतः उचलून आणायच्या. "माणसाला ओट्यावर बसवून बोलू न्हाई," असं त्यांचं ठरलेलं होतं. वर्गणीवाला असो की भांडायला आलेला शेजारी, आधी आत, मग चहा, मग भांडण. चहानंतर भांडणात दम उरायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत असावं.

निवृत्त झाल्यावर चौसाळ्याच्या घरी त्यांनी एक नवंच काम काढलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या तलवाड्याला होत्या. तिथला त्यांचा विद्यार्थी बिरू, मेंढपाळाचा मुलगा. शाळा अर्धवट सोडून तो मेंढरांमागे गेला, पण आपांशी त्याचं येणंजाणं राहिलं. त्याची आई, सगुणाई, रात्र रात्र ओव्या म्हणायची. आपांनी त्या फोनवर रेकॉर्ड करायला घेतल्या. मग बिरू इतर वाड्यांवरच्या बायकांच्या ओव्या आणू लागला आणि मी त्या ऐकून शब्द उतरवून घ्यायला लागले. पुढेमागे पुस्तक करायचं होतं.

हे सगळं ठेवायचं कुठे? आपांचा मुलगा इरफान पुण्यात नोकरीला. नातवाचे व्हिडिओ ठेवायला म्हणून त्यानं आईच्या नावावर इंटरनेटवरचं पैसे भरून मिळणारं मोठं खातं काढून दिलं होतं. आपांनी नातवाला एका कोपऱ्यात सरकवलं आणि बाकी जागेत ओव्या भरल्या. फोल्डरला नाव दिलं 'आत या'. बिरूला आणि मला त्यात घेतलं, तेही सगळे हक्क देऊन. इरफाननं फोनवर किती समजावलं, "अम्मी, फक्त बघायचा हक्क दे. कुणी चुकून खोडलं तर?" आपा म्हणाल्या, "म्हंजे ओट्यावर बसवून बोलू का त्यास्नी?"

घोळ असा झाला, की बिरूचं आणि माझं खातं फुकटातलं. आपांच्या फोल्डरात शिरलं, की त्यातल्या सगळ्या फायलींचा भार आमच्याही चिमूटभर जागेवर पडायचा. पंधरवड्यात जागा भरली. आपा चक्रावल्या. "सामान माझ्या घरातलं, अन् वझं तुमच्या डोक्यावर कावून?" मी फोल्डरातून बाहेर पडले आणि नुसत्या लिंकवरून ऐकू लागले. ऐकायला खातंही लागत नाही आणि जागाही. बिरूला मात्र नव्या ओव्या टाकायच्या असत, म्हणून तो आतच राहिला. सगळं दुसरीकडेही उतरवून ठेवावं, असं आम्ही दर भेटीत म्हणायचो आणि चहा पिऊन उठायचो. आपा होत्या ना!

त्या वर्षी सगुणाई गेली. तिचा फोटो आधार कार्डावर होता तेवढाच. आवाज तेवढा आपांच्या फोल्डरात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी मी लिहायला बसले, लिंक उघडली, तर आत काहीच नाही. पुन्हा उघडली. नाव होतं, ओव्या नव्हत्या. मी तशीच उठून चौसाळ्याची वाट धरली.

आपांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बिरूला फोन लाव."

मी आपांच्या फोनवरून लावला. बिरू कुठल्याशा माळावर होता. मागे मेंढरांचा गलका. त्यानं बिनघोर सांगितलं, "व्हय, म्या काढलं की. कोकरांचे व्हिडिओ घ्यायला जागाच न्हवती. म्या माझ्या फोनातलं काढलं आपा, तुमचं तुमच्यापाशी हाय न्हवं?"

त्याच्या हिशेबानं त्याचं काही चुकलं नव्हतं. चार घरांची मेंढरं एका कळपात चालतात, प्रत्येकाच्या मेंढरावर त्याची खूण असते. एकानं आपली काढून नेली तर बाकीच्यांची तिथेच चरत राहतात. फोल्डरही तसंच, असं तो धरून चालला होता. मी त्याला सांगितलं, की तिथे सगळ्यांचं मिळून एकच असतं आणि ते आता कुणाकडेच नाही.

बिरू म्हणाला, "मंग आईचा आवाज?"

आपांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता रागावतील, निदान इरफानचं ऐकलं नाही म्हणून हळहळतील. त्या म्हणाल्या, "आरं, माझ्या घरातून काय एवढ्यात भायेर जातंय व्हय? थांब तिथंच. फोन ठिवू नको."

मी माझ्या फोनवरून इरफानला लावला. तोही चिडला नाही. "पैसे भरलेलं खातं आहे, खोडलेलं काही दिवस पडून असतं," म्हणाला आणि कुठे जायचं, काय दाबायचं ते सांगत गेला. मी आपांच्या लॅपटॉपवर त्याच्या मागोमाग जात होते. कचऱ्याचा डबा उघडला आणि त्यात सगळं होतं! सगळ्यांत वर सगुणाई. 'परत ठेवा' दाबलं आणि एकेक ओवी आपल्या जागी येऊन बसली.

आपांनी फोन लॅपटॉपला लावून धरला. मी सगुणाईची ओवी सुरू केली. पलीकडे माळावर बिरू ऐकत होता. ओवी संपली तसा म्हणाला, "हाय. आई हाय."

आपांनी चष्मा काढला, पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि मलाच दटावलं, "रडवू नको बाई. डॉक्टरनं डोळ्याला पानी लागू देऊ नको म्हनलंय."

बिरूनं स्वतःचे सगळे हक्क काढून घ्यायला सांगितलं. आपा तयार होईनात. शेवटी इरफाननं तोड काढली. बिरूला दोन लिंका दिल्या, एक ऐकायची आणि एक फायली टाकायची. कुठलंच खातं लागत नाही, जागा लागत नाही, आणि खोडायची भीती तर नाहीच. आपांना हे फार आवडलं. "ही खरी आपल्या घरासारखी. येनाऱ्याला वझं न्हाई." आणि मग ती लिंक त्यांनी इतक्या बायाबापड्यांना वाटली, की फोल्डरात ओव्यांबरोबर कुणाकुणाची हळद आणि बारशीही येऊन पडली. आपांनी त्यातलं काही काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या, झोपेतच. भेटायला गेले तर सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, माझीही. आत घे म्हणणारं कुणी नव्हतं. निघताना माझी एक चप्पल जागेवर नव्हती. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा फुटलं.

काही दिवसांनी इरफाननं घर आवरलं. त्या दिवशी मी आणि बिरू गेलो होतो. निघताना इरफाननं दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं. त्या दारावर कुलूप पाहवेना. खातं आपांच्या नावावर, पैसे त्याचे. फोल्डरचं काय, हे विचारायला आम्हां दोघांचीही जीभ रेटली नाही. बिरू तलवाड्याकडे गेला, मी माझ्या बसमध्ये बसले.

माजलगाव आलं तरी धीर होईना. शेवटी लिंक दाबली. चक्र फिरत राहिलं. मग पाटी आली, 'आत या'. सगुणाई जागेवर होती. आपांना फोल्डरचं दार लावून घ्यायला सांगणाऱ्या इरफाननं हे दार उघडंच ठेवलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं म्हणून. सगळ्यांत वर एक नवी ओवी होती, आत्ताच आलेली. बिरूच्या बायकोचा आवाज, आणि ओवीत नाव आपांचं.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"ताई, ओवी चढली का?"

"चढली रे."

"मंग उघडंच हाय," बिरू म्हणाला.